व्हेनिसचे सुवर्णसिंह आणि परीक्षकाची सही

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना स्पर्धा आणि परीक्षक यांचा अनुभव वर्षातून एकदा तरी हमखास येतो. गणेशोत्सवात मंडळाच्या एकांकिका होतात, दोन-तीन जाणते गृहस्थ परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसतात, आणि निकाल लागल्यावर पुढचे आठ दिवस कचेरीच्या जिन्यात, भाजीबाजारात आणि बसच्या थांब्यावर एकच चर्चा चालते : परीक्षकांनी पक्षपात केला की नाही? जिंकलेल्यांना निकाल न्याय्य वाटतो, हरलेल्यांना त्यामागे कारस्थान दिसते, आणि ज्या एकांकिकेवरून एवढे रामायण झाले ती कशी होती हे बोलायचे मात्र राहूनच जाते. आमच्या मंडळात एकदा परीक्षकच नेमायचे नाहीत असा ठराव झाला होता. त्या वर्षी भांडण झाले नाही हे खरे. पण कोणाचे काम चांगले झाले हेही कोणी कोणाला मोकळेपणाने सांगितले नाही. पुढच्या वर्षी परीक्षक परत आले.

या घरगुती उदाहरणाने आरंभ करण्याचे कारण असे की, जगातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचा, म्हणजे व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचा, इतिहास वाचताना आम्हाला याच कथेची मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती आढळली. तेथेही पारितोषिके होती. त्यांवरून रणे माजली. ती रद्द झाली. आणि पुन्हा सुरू झाली. व्हेनिसला जाण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आलेला नाही, तेव्हा प्रवासवर्णनाची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. ग्रंथ, छायाचित्रे आणि प्रसिद्ध झालेले निकाल यांच्या आधाराने एका प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे : कलेला पारितोषिक देण्याने नेमके काय साधते, आणि न देण्याने काय बिघडते?

या प्रदर्शनाचा जन्मच मुळी सरकारी ठरावातून झालेला आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या वाचकांना जवळची वाटेल. इटलीचा राजा उंबेर्तो आणि राणी मार्गेरिता यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काही स्थायी कार्य करावे असा ठराव व्हेनिसच्या नगरपालिकेने १८९३ साली केला, आणि ३० एप्रिल १८९५ रोजी पहिले प्रदर्शन उघडले. त्या पहिल्याच प्रदर्शनात वाद उद्भवला. जाकोमो ग्रोस्सो या चित्रकाराच्या चित्रात शवपेटीभोवती जमलेल्या नग्न स्त्रिया दाखविल्या होत्या. व्हेनिसचे तत्कालीन धर्माध्यक्ष सार्तो (हेच पुढे दहावे पायस म्हणून पोपपदी आले) यांनी ते चित्र लावू नये अशी विनंती केली. मग रीतीप्रमाणे एक समिती नेमण्यात आली. समितीने चित्र सार्वजनिक नीतीला बाधक नाही असा अभिप्राय दिला, चित्र लागले, आणि प्रेक्षकांच्या मतदानाने दिले जाणारे पारितोषिक नेमके त्यालाच मिळाले! आज ग्रोस्सोचे नाव चित्रकलेच्या इतिहासात क्वचितच आढळते. लोकमताचा कौल हाच अंतिम मानावा असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

परंतु जाणकारांचा कौल तरी अधिक भरवशाचा होता काय? १९१० साली याच प्रदर्शनातील स्पॅनिश दालनातून पिकासोचे चित्र उतरविण्यात आले, कारण त्याच्या नवखेपणाने लोक बिचकतील अशी व्यवस्थापकांना भीती वाटली. त्यानंतर पिकासोचे चित्र तेथे लागले ते १९४८ साली. म्हणजे आधुनिक चित्रकलेने जी वळणे घेतली, त्यांतील सर्वांत मोठे वळण या जागतिक प्रदर्शनाच्या दारात अडतीस वर्षे तिष्ठत राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली प्रदर्शन पुन्हा भरले तेव्हा जणू या चुकीचे प्रायश्चित्तच घ्यावयाचे असा निश्चय दिसतो. १९३८ पासून दिल्या जाणाऱ्या महापारितोषिकांची यादी या दृष्टीने पाहावी. १९४८ साली चित्रकलेचे महापारितोषिक जॉर्ज ब्राकला, १९५० साली आंरी मातीसला, १९५२ साली राउल द्यूफीला, १९५४ साली माक्स एर्न्स्टला, १९५६ साली जाक व्हियोंला. नावे थोर आहेत, त्यांविषयी वाद नाही. पण वये पाहा. ब्राक साठी ओलांडून गेलेला, मातीस ऐंशीचा, द्यूफी पंचाहत्तरीचा, व्हियोंही ऐंशीचा. ज्या कार्यासाठी त्यांचा गौरव झाला ते बहुतेकांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही गुणवत्तेवरील निवड नव्हती; ज्येष्ठतेनुसार दिलेली बढती होती, किंवा निवृत्तीच्या वेळी घातलेला हार होता. आणि या साऱ्या नावांत आणखी एक समान धागा होता. जन्म कोठलाही असो, ही माणसे पॅरिसच्या कलाविश्वातली होती. कलेची राजधानी पॅरिस, हे गृहीत कोणी मांडून दाखवीत नव्हते, कारण ते सर्वांनाच मान्य होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे १९६४ साली जे घडले त्याचा अर्थ लागतो. त्या वर्षीचे चित्रकलेचे महापारितोषिक रॉबर्ट राउशेनबर्ग या अवघ्या अडतीस वर्षांच्या अमेरिकन चित्रकाराला मिळाले, आणि युरोपातील वृत्तपत्रांतून एकच गहजब उडाला. अमेरिकनांनी व्हेनिस विकत घेतले, अमेरिकन सत्तेने कलेवर वसाहत वसविली, असे आरोप झाले. व्हेनिसच्या धर्मपीठाने तर पाद्र्यांना प्रदर्शनास जाण्याचीच मनाई केली.

आरोपांत तथ्य किती होते हे शांतपणे पाहिले पाहिजे. अमेरिकन विभागाची व्यवस्था प्रथमच त्या देशाच्या सरकारी माहितीखात्याकडे होती. विभागप्रमुख ॲलन सॉलोमन यांनी मोठी तयारी केली होती. अमेरिकेचे उद्यानातील दालन लहान. म्हणून रिकाम्या झालेल्या जुन्या अमेरिकन वकिलातीच्या इमारतीत अधिक मोठे प्रदर्शन मांडण्यात आले, आणि राउशेनबर्गची बहुतेक चित्रे तेथे होती. परीक्षकमंडळाचा कल त्याच्याकडे दिसू लागताच प्रश्न उपस्थित झाला : मुख्य उद्यानाबाहेर लावलेली चित्रे स्पर्धेला पात्र आहेत काय? तेव्हा नियमाची पूर्तता व्हावी म्हणून त्याची काही चित्रे नौकेत घालून कालव्यातून उद्यानातील दालनापर्यंत नेण्यात आली. त्या नौकेची छायाचित्रे पुढे पुष्कळ गाजली. शिवाय त्याच सुमारास मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंघाचा प्रयोग व्हेनिसच्या फेनीचे नाट्यगृहात झाला. त्या संघाचा नेपथ्यकार राउशेनबर्गच होता. लिओ कास्टेली हा त्याचा न्यूयॉर्कमधील चित्रविक्रेताही व्हेनिसमध्ये हजर होता.

या साऱ्या हकीकतीत खटपट होती, हे कोण नाकारील? पण ज्याने सरकारी नियमावलीत आयुष्य घालविले आहे त्याला एक गोष्ट चटकन दिसावी. नियमाला धरून न बसणारी गुणवत्ता आणि गुणवत्तेचा विचार न करणारा नियम, या दोहोंत पेच पडला म्हणजे शहाणा अधिकारी फाईल मागे पाठवून पूर्तता करून घेतो. परीक्षकांनी तेच केले. वशिला म्हणावयाचा तर पॅरिसचा वशिला गेली सोळा वर्षे इतका मुरलेला होता की, तो कोणाला वशिला वाटतच नव्हता. नव्या माणसाची खटपट डोळ्यांत भरते. जुन्याची परंपरा म्हणून खपून जाते. १९६४ मधील खरा धक्का एका राष्ट्राने दुसऱ्यावर मात केली हा नव्हता. अमेरिकन कलावंतांना तेथे मान पूर्वीही मिळाला होता : १९५२ साली अलेक्झांडर काल्डरला शिल्पासाठी, १९५८ साली मार्क टोबीला चित्रासाठी. खरा धक्का होता तो ज्येष्ठतेची रांग मोडल्याचा. ज्याचे कार्य पूर्ण व्हावयाचे आहे, ज्याची योग्यता काळाने अद्याप शाबीत केलेली नाही, अशा माणसाला परीक्षकांनी प्रथमच आपल्या जबाबदारीवर निवडले होते. ब्राकच्या बाबतीत चुकण्याचा संभव नव्हता. म्हणून तो निर्णयही नव्हता. राउशेनबर्गच्या बाबतीत चुकण्याचा पुरेपूर संभव होता.

आणि परीक्षक चुकले काय? त्या वेळची त्याची चित्रे पाहावीत. छायाचित्रांचे रेशमी पडद्यावरून घेतलेले ठसे, वृत्तपत्रांतील कात्रणांसारखी दृश्ये, राष्ट्राध्यक्ष केनेडींचा हात उगारलेला चेहरा, हेलिकॉप्टर, शीतपेयाची जाहिरात, आणि या साऱ्यांवरून ओढलेले रंगाचे ओघळ. केनेडींची हत्या होऊन वर्षही लोटलेले नव्हते. लिओ स्टाइनबर्ग या समीक्षकाने पुढे या चित्रांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. पूर्वीचे चित्र भिंतीतल्या खिडकीसारखे असे. त्यातून पलीकडचे जग दिसे. राउशेनबर्गचे चित्र आडव्या टेबलासारखे आहे. त्यावर जग येऊन साचते. आम्हाला हे निरीक्षण पटते, आणि ते पटण्यास आमच्या पेशाचाही हातभार असावा. संध्याकाळी साडेपाचला आपल्या टेबलाकडे पाहिले तर तार, तक्रारअर्ज, नकाशा, वर्तमानपत्राचे कात्रण, चहाचा डाग, सारे एकमेकांवर पडलेले असते. त्यांत संगती नसते, पण एक दिवस त्यात उमटलेला असतो. राउशेनबर्गने आपल्या काळाचा असा दिवस पकडला. त्याच्या चित्रांत पसारा आहे आणि उतावळेपणाही आहे, पण खोटेपणा नाही. त्यानंतरच्या साठ वर्षांत चित्रकलेने छायाचित्राशी, बातमीशी आणि जाहिरातीशी जे नाते जोडले ते पाहता परीक्षकांची निवड द्रष्टेपणाची ठरली असेच म्हणावे लागते.

पारितोषिकाने कलावंताचे काय होते याचेही उत्तर याच प्रसंगात आहे. बक्षीस मिळाल्यावर राउशेनबर्गने न्यूयॉर्कला निरोप धाडून आपल्या कार्यशाळेतील रेशमी पडदे नष्ट करविले. ज्या रीतीला जगाने शाबासकी दिली तीच रीत आता सोयीची पायवाट होईल, हे त्याने ओळखले. १९७५ साली तो अहमदाबादला आला, गांधीजींच्या आश्रमाशी संलग्न अशा कागदनिर्मितीकेंद्रात त्याने कामगारांबरोबर कागदाचा लगदा, बांबू, माती आणि कापड यांतून कलाकृती घडविल्या. व्हेनिसचा विजेता साबरमतीच्या काठी लगद्यात हात घालून बसला, हा तपशील त्या गाजलेल्या नौकेपेक्षा आम्हाला अधिक बोलका वाटतो. पारितोषिक पचविणे म्हणजे काय, ते त्यात दिसते.

१९६४ नंतर मात्र पारितोषिकांवरचा विश्वास झपाट्याने ओसरला. १९६६ साली यायोई कुसामा या जपानी कलावतीने, अधिकृत निमंत्रण नसताना, उद्यानातील हिरवळीवर पंधराशे चकाकणारे गोळे पसरले आणि ती ते प्रेक्षकांना बाराशे लिऱ्यांना एक या दराने विकू लागली. व्यवस्थापकांनी विक्री थांबविली. गंमत अशी की प्रदर्शनाची स्वतःची विक्रीकचेरी तेव्हा उघडपणे चालू होती! दोन वर्षांनी, १९६८ च्या जूनमध्ये, विद्यार्थी आणि कलावंत यांनी प्रदर्शनाविरुद्ध उठाव केला, उद्यानात पोलीस उभे राहिले, आणि काही इटालियन चित्रकारांनी आपली चित्रे भिंतीकडे तोंड करून फिरविली. त्या वर्षी ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीला चित्रकलेचे आणि निकोला शॉफरला शिल्पकलेचे महापारितोषिक मिळाले. पण तो जुन्या व्यवस्थेचा शेवटचा निकाल ठरला. पारितोषिके बंद झाली, विक्रीकचेरीही बंद झाली, आणि १९८६ पर्यंत अठरा वर्षे व्हेनिसमध्ये परीक्षकांनी कोणालाही श्रेष्ठ ठरविले नाही.

या अठरा वर्षांत कला अधिक स्वतंत्र झाली काय? उठाव करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, आणि १९७४ साली चिलीतील लष्करी राजवटीविरुद्ध सारे प्रदर्शनच वाहणारी संस्था केवळ बाजारबसवी होती असे कोणी म्हणू नये. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. पारितोषिक गेले, पण निवड गेली नाही. कोणते चित्र संग्रहालयाने घ्यावयाचे, कोणाचे नाव ग्रंथात यावयाचे, कोणाच्या चित्राची किंमत चढावयाची, हे कोणीतरी ठरवीतच होते. फरक एवढाच की, पूर्वी ठरविणाऱ्यांची नावे छापली जात. आता ती छापली जात नव्हती. कचेरीत ज्याने काम केले आहे त्याला फाईलवरचा शेरा आणि तोंडी आदेश यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. शेरा चुकीचा असू शकतो, पण त्याखाली सही असते. दहा वर्षांनीही कोणी ती फाईल काढून जाब विचारू शकतो. तोंडी आदेशाला वारस नसतो. पिकासोला उतरविणाऱ्यांना आज आपण हसू शकतो, राउशेनबर्गला निवडणाऱ्यांना दाद देऊ शकतो, ते त्यांनी निर्णय उघड घेतला म्हणून. पारितोषिकाचे समर्थन करावयाचे ते या एका कारणासाठी. कलेची उंची त्याने मोजता येत नाही. पण मोजू पाहणाऱ्याची मात्र ठीक मोजता येते.

१९८६ पासून सुवर्णसिंह या नावाने पारितोषिके पुन्हा सुरू झाली, आणि त्यांत राष्ट्रीय दालनांसाठीही एक सिंह आला. त्यांचा हिशेब मिश्र आहे. १९९३ साली जर्मनीच्या दालनाला तो मिळाला, तेव्हा हान्स हाके या कलावंताने, नात्झी राजवटीत १९३८ साली नव्या रूपात बांधलेल्या त्या वास्तूची फरशीच फोडून टाकली होती. प्रेक्षक त्या भग्न लाद्यांवरून अडखळत चालत होते. राष्ट्राच्या खर्चाने राष्ट्राच्या पापाचा पाया उकरणे, आणि त्यासाठी राष्ट्रालाच बक्षीस मिळणे, हा विलक्षण योग होय. २०१३ साली प्रथमच आलेल्या अंगोलाने तो जिंकला. एदसन शागास याने लुआंडा शहराच्या छायाचित्रांच्या थप्प्या जुन्या इटालियन चित्रांच्या संग्रहात रचून ठेवल्या आणि त्या प्रेक्षकांना घरी नेऊ दिल्या. २०१९ साली लिथुएनियाच्या तिघी कलावतींनी कृत्रिम वाळूच्या किनाऱ्यावर सुटी घालविणारी माणसे गाताना दाखविली. प्रेक्षक वरच्या सज्जातून पाहत, आणि त्या आळसावलेल्या गाण्यांतून तापत चाललेल्या पृथ्वीची चाहूल लागे.

या निकालांविषयी आमची एक शंका नमूद केली पाहिजे. जुने परीक्षक वयाला बक्षीस देत. नवे परीक्षक विषयाला देऊ लागले आहेत की काय? अन्याय, विस्थापन, पर्यावरण, यांपैकी एखादा मथळा असला की कलाकृतीकडे पाहण्याआधीच मान आदराने लवते. विषयाचे गांभीर्य ही कलावंताची कमाई नव्हे; ती त्याला मिळालेली ठेव असते. तिचे त्याने काय केले हे पाहणे परीक्षकाचे काम.

या कसोटीवर २०२४ चा निकाल घासून पाहू. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दालनाला सुवर्णसिंह मिळाला. आर्ची मूर या आदिवासी वंशाच्या कलावंताने दालनाच्या काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने आपला वंशवृक्ष लिहिला. तो मागे मागे जात पासष्ट हजार वर्षांपर्यंत पोचतो. मध्यभागी पाण्याच्या उथळ कुंडावर एक पांढरे विस्तीर्ण मेज, आणि त्यावर कागदांच्या पाचशेहून अधिक थप्प्या. हे कागद म्हणजे मुख्यतः कोठडीत मृत्यू पावलेल्या आदिवासींच्या मरणाच्या चौकशीचे सरकारी अहवाल. नावे खोडलेली. विषय गंभीर आहेच. पण बक्षीस विषयाला मिळाले असे येथे म्हणता येत नाही. भिंतीवर खडू, जो हाताने पुसला जातो. मेजावर छापील कागद, जो जतन केला जातो. माणसांची नावे पुसट अक्षरांत, आणि त्यांच्या मृत्यूंची नोंद स्वच्छ थप्प्यांत. ही विरोधरचनाच सारे काही सांगते. निराळे भाष्य लागत नाही. ज्यांचा जन्म टिपणे लिहिण्यात गेला त्या आपल्यासारख्यांनी ही कलाकृती छायाचित्रात जरी पाहिली तरी क्षणभर थबकावे. अहवाल बिनचूक असू शकतो, वेळेवर सादर झालेला असू शकतो, त्यावर सर्व सह्या असू शकतात. आणि तरीही ज्याच्याविषयी तो आहे तो माणूस त्यात कोठेच नसतो.

आता ओघाने आपल्या देशाचा विचार येतो. व्हेनिसच्या उद्यानात सुमारे तीस राष्ट्रांची कायम दालने आहेत. त्यांत भारताचे नाही. भारताने आपले अधिकृत राष्ट्रीय दालन प्रथम मांडले ते २०११ साली, म्हणजे प्रदर्शन सुरू झाल्यावर एकशे सोळा वर्षांनी. ललित कला अकादमीच्या वतीने रणजित होस्कोटे यांनी त्याची योजना केली. त्यांची निवड विचारपूर्वक होती. अलीगढला जन्मून न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या झरिना हाश्मी, केरळातून दिल्लीला आलेले गिगी स्कारिया, कोलकाता आणि ॲमस्टरडॅम यांमध्ये वावरणारे प्रणीत सोई, आणि गुवाहाटीत काम करणारे 'डिझायर मशीन कलेक्टिव्ह' हे युगुल. राष्ट्र म्हणजे नकाशाच्या रेषेतला मुलूख एवढेच नव्हे, माणसे आपल्याबरोबर नेतात तेही राष्ट्र, असे या निवडीचे म्हणणे होते. परमुलखात राहून आपली भाषा बरोबर बाळगणाऱ्यांना ते वेगळे पटवून द्यावयास नको. २०१९ साली गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त दुसऱ्यांदा दालन उभे राहिले. त्यात नंदलाल बोस यांची हरिपुरा चित्रे होती, शकुंतला कुलकर्णी यांची वेताने विणलेली चिलखते होती. आणि जितीश कल्लाट यांची एक कलाकृती होती, जिचे नावच 'कव्हरिंग लेटर'! १९३९ च्या जुलैत गांधीजींनी हिटलरला लिहिलेले युद्ध टाळण्याचे आवाहन धुक्याच्या पडद्यावर अक्षरांनी उमटते, आणि प्रेक्षक त्यातून चालत गेला की विरून जाते.

सिंह दोन्ही वेळा मिळाला नाही. आम्हाला त्याचे दुःख वाटत नाही. दुःख वाटते ते दोन दालनांमधील आठ वर्षांचे. परीक्षा उत्तीर्ण न होणे निराळे आणि परीक्षेलाच न बसणे निराळे. १९९० साली मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांना व्हेनिसमध्ये तरुण कलावंतासाठी असलेले पारितोषिक मिळाले, पण ते ब्रिटनच्या दालनात. त्यात ब्रिटनचा दोष नाही आणि कपूरांचा तर मुळीच नाही. आणि आपल्याला जमत नाही असेही नाही. १९६८ साली मुल्कराज आनंद यांच्या पुढाकाराने दिल्लीत आंतरराष्ट्रीय त्रैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले, आणि त्या पहिल्याच प्रदर्शनात तैयब मेहता यांना सुवर्णपदक देणारे परीक्षक चुकले नव्हते. १९७१ च्या दुसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी अनेक चित्रकारांनी अकादमीच्या कारभाराविरुद्ध आवाज उठविला. व्हेनिसच्या मानाने हा वाद काही आगळा नव्हता. वाद होणे हे प्रदर्शन जिवंत असल्याचे लक्षण आहे. सातत्य सुटणे हा खरा रोग.

शेवटी एका माणसाची आठवण काढून हा लेख संपवितो. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि १९७२ पासून दिल्लीत राहिले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी, आपल्यासारखीच, महाराष्ट्राबाहेर काढली. पारितोषिके त्यांनाही मिळाली होती. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस त्यांचे होते. पण त्याचा ना त्यांनी गाजावाजा केला, ना त्याला धरून पुढची चित्रे काढली. वर्षाला मोजकीच चित्रे, आणि त्यांत ना माणूस, ना वस्तू, ना विषय. पाण्याखाली दिसावा तसा खोल जाणारा रंग फक्त. २००१ साली ते वारले. २०१५ च्या ऑक्टोबरात, व्हेनिसचे द्वैवार्षिक प्रदर्शन चालू असतानाच, त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन महाकालव्याच्या काठी पेगी गुगेनहाइम यांच्या संग्रहालयात उघडले. याच बाईंनी १९४८ साली, पिकासो प्रथम तेथे आला त्याच वर्षी, आपला आधुनिक चित्रांचा संग्रह व्हेनिसला मांडला होता. गायतोंड्यांना कोणत्याही राष्ट्रीय दालनाने पाठविले नव्हते, कोणी परीक्षक त्यांच्या चित्रांसमोर वह्या घेऊन उभे राहिले नाहीत, आणि स्वतः ते हयात नव्हते.

त्या संग्रहालयाच्या जुन्या वाड्याचे नाव मात्र गमतीचे आहे. त्याला सिंहांचा वाडा म्हणतात.